चंद्रावर आपले काय आहे?

२०२३ हे वर्ष आठवा. त्या वर्षी आपल्यापैकी बऱ्याच घरांत चंद्रासाठी दोनदा टीव्ही लावला गेला. पहिल्यांदा २५ एप्रिलला, मंगळवारी रात्री. ईद होऊन चार दिवस झाले होते. ज्या हिलालची वाट सगळा देश पाहत होता, तो आता पाच-सहा दिवसांची कोर होऊन पश्चिमेला होता, आणि पावणेनऊच्या सुमारास त्या कोरीवर ‘रशीद’ नावाचा अमिरातीचा रोव्हर उतरायचा होता. दुसऱ्यांदा २३ ऑगस्टला, बुधवारी. भारतात संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटे, आपल्या घड्याळात चार वाजून चौतीस. पहिल्या वेळी पडद्यावरच्या खोलीतली माणसे हळूहळू गप्प होत गेली. दुसऱ्या वेळी टाळ्या, आणि पाठोपाठ फोनवर पेढ्यांची चित्रे.

आपल्या मुलांनी हे दोन्ही पाहिले. जन्मदाखला दुबईचा किंवा अबू धाबीचा, पासपोर्ट भारताचा, अशी ही मुले. यातले आपले यान कुठले, हा प्रश्न त्यांना पडणे साहजिक आहे. तुमच्या घरी कुणी तो मोठ्याने विचारला असेल, तर तुम्ही काय उत्तर दिलेत? ‘दोन्ही आपलीच’ हे उत्तर गोड आहे, पण मुलांना ते टाळाटाळीसारखे वाटते, आणि ती चुकत नाहीत. मला वाटते, हा प्रश्न इतिहासाकडे नेला तर त्याला जरा टणक उत्तर मिळते. म्हणून हा लेख. इंग्रजी विभागाकडे धावणाऱ्या मंडळींना तो कुणीतरी वाचून दाखवावा, एवढी विनंती.

आधी रशीदबद्दल, कारण त्याची गोष्ट ‘पडला’ या एका शब्दात संपवली जाते.

रशीद हा साधारण दहा किलो वजनाचा, चार चाकांचा छोटा रोव्हर होता. म्हणजे आपण इथून गावी जाताना नेतो त्या केबिन बॅगेपेक्षा थोडा जड. दुबईतल्या अल खवानीज भागातल्या मोहम्मद बिन राशिद स्पेस सेंटरमध्ये तो तयार झाला. हमद अल मर्झूकी हे या मोहिमेचे प्रमुख. नाव दिले शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांचे. १९५८ ते १९९० या काळात ते दुबईचे शासक होते. पोर्ट राशिद आणि जेबेल अलीचे बंदर त्यांच्या काळातले. आपल्या मंडळातल्या सर्वांत जुन्या पिढीने ‘गल्फ’मध्ये पाऊल ठेवले, तेव्हा राज्य त्यांचे होते.

या बग्गीवर कॅमेरे होते, मातीचे कण जवळून पाहणारा सूक्ष्मदर्शक होता, उष्णता टिपणारा कॅमेरा होता, आणि चंद्राच्या पृष्ठभागालगतचा विद्युतभार मोजणारी उपकरणे होती. चाकांवर वेगवेगळ्या पदार्थांचे तुकडे बसवले होते, कुठल्या पदार्थाला चंद्राची धूळ किती चिकटते ते पाहायला. धुळीची एवढी काळजी का, हे वाळवंटात राहणाऱ्याला समजायला सोपे आहे. पण चंद्राची धूळ आपल्या वाळूसारखी नाही. इथल्या वाळूचे कण वाऱ्याने हजारो वर्षे एकमेकांवर घासून गोल केलेले असतात. चंद्रावर वारा नाही, पाणी वाहत नाही. उल्कांच्या माऱ्याने दगडाचे जे चूर्ण झाले, त्याच्या कडा काचेच्या तुकड्यासारख्या धारदार राहिल्या. त्यात सूर्याच्या किरणांनी ते विद्युतभारित होते आणि जिथे लागेल तिथे चिकटते. अपोलोच्या अंतराळवीरांचे पोशाख या धुळीने माखले होते. दुबईच्या वाळवंटात रशीदच्या चाचण्या झाल्या, तरी खरी परीक्षा तिकडचीच होती.

११ डिसेंबर २०२२ रोजी फ्लोरिडातून अमेरिकी रॉकेटवर तो निघाला. त्याला पोटात घेऊन जाणारे लँडर ‘आयस्पेस’ या जपानी कंपनीचे होते, आणि त्या मोहिमेचे नाव ‘हाकुतो’. हाकुतो म्हणजे पांढरा ससा. आपण चंद्राला शशांक म्हणतो ते त्यावरच्या सशाच्या आकृतीवरून. जपानलाही चंद्रात ससाच दिसतो, आणि तो ससा तिकडे गेला बौद्ध जातककथांच्या वाटेने. तेव्हा अमिरातीची बग्गी आपल्याच ओळखीच्या सशावर बसून निघाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

उतरायची जागा होती ॲटलस विवर. चंद्राच्या ईशान्य भागात, ‘थंडीचा समुद्र’ म्हणतात त्या पट्ट्याजवळ, ८७ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा. मूळ योजनेत जागा वेगळी होती. लँडरचा आराखडा पक्का झाल्यानंतर ती बदलली. यातच सगळे बिघडले. उतरताना यान विवराच्या काठावरून आत आले, आणि तिथे जमीन एकदम सुमारे तीन किलोमीटर खाली गेली. रडार उंचीमापकाने बरोबर सांगितले की जमीन आता बरीच दूर आहे. पण सॉफ्टवेअरला एवढा मोठा फरक अपेक्षितच नव्हता. त्याने ठरवले की उंचीमापक बिघडला, आणि त्याचे ऐकणे बंद केले. पुढे यान स्वतःच्या अंदाजाने उतरत राहिले. अंदाजानुसार उंची शून्य झाली, तेव्हा ते खरोखर जमिनीपासून जवळपास पाच किलोमीटर वर होते. जमिनीची वाट पाहत अगदी सावकाश खाली येत राहिले, इंधन संपले, आणि मग कोसळले.

मला या गोष्टीत नेहमी वाईट वाटते ते या तपशिलाचे: यंत्राने खरे सांगितले होते. दुसऱ्याच दिवशी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्या जागेची छायाचित्रे घेतली आणि त्यांत विखुरलेले तुकडे सापडले. त्यांत रशीदचेही असणार. जे पोहोचले ते या अवस्थेत, पण अमिरातीच्या मातीत तयार झालेली वस्तू आज चंद्रावर आहे, एवढे खरे.

आता भारताच्या यानाकडे वळताना एक तारीख मध्ये घ्यायला हवी: ७ सप्टेंबर २०१९. त्या पहाटे चांद्रयान-२ चे विक्रम लँडर असेच कोसळले होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती आणि कितीतरी जण जागे होते. त्याही वेळी दोष यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या बेबनावाचा होता. वेग कमी करणाऱ्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, त्या दुरुस्त करायला यानाला झटकन वळायचे होते, आणि सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगावर मर्यादा घातली होती. शिवाय उतरायला दिलेली जागा होती फक्त ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. चांद्रयान-३ करताना इसरोने यश कसे मिळेल याऐवजी काय काय बिघडेल, याची यादी केली आणि प्रत्येक बिघाडातून यान कसे सावरेल ते पाहिले. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, आणि जागा केली चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे २३ ऑगस्टच्या पेढ्यांचा खवा २०१९ च्या त्या रात्री आटायला लागला होता. रशीदची गोष्ट अजून त्या पहिल्या रात्रीत आहे, इतकाच फरक. शेख मोहम्मद यांनी त्याच आठवड्यात ‘रशीद २’ जाहीर केला.

पण ‘आपले’ काय, हा प्रश्न यानांच्या कितीतरी आधीचा आहे. दुर्बिणीतून चंद्राचा नकाशा पाहिलात, तर तिथे अरबी माणसांची दाटी दिसेल. १६५१ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात रिच्चोली नावाच्या जेझुइट धर्मगुरूने चंद्राचा नकाशा छापला आणि विवरांना खगोलज्ञांची नावे देण्याची प्रथा घातली. आजही आपण बहुतांशी तीच नावे वापरतो. लॅटिन वेष चढवल्यामुळे ती चटकन ओळखू येत नाहीत. ‘अल्बाटेग्नियस’ म्हणजे अल-बत्तानी. ‘आर्झाखेल’ म्हणजे अल-झरकाली. ‘अल्फ्रागॅनस’ म्हणजे अल-फरघानी. ‘थेबित’ म्हणजे साबित इब्न कुर्रा. ‘अल्हाझेन’ म्हणजे प्रकाशाचा अभ्यास करणारा इब्न अल-हैथम. ‘अल्मानॉन’ म्हणजे बगदादचा खलिफा अल-मामून. मुलांना अरबीच्या तासाला येणारी ही नावे डोक्यावर लटकत असतात, आणि बाल्कनीत उभे राहून ती दिसतात.

यांतल्या अल-बत्तानीशी तुमचा एक परिचय आधीच झालेला असू शकेल. २६ डिसेंबर २०१९ ला कंकणाकृती सूर्यग्रहण पाहायला आपल्यातले कित्येक जण पहाटे गाडी काढून लिवाच्या वाळवंटात गेले होते. सूर्य उगवताना चंद्र त्याच्या पुढ्यात, आणि भोवती तेजाची बांगडी. सूर्याचे दिसणारे बिंब वर्षभर सारखे नसते, थोडे लहानमोठे होते, म्हणून चंद्र त्याला कधीकधी पूर्ण झाकू शकत नाही आणि असे कंकण दिसू शकते, हे अल-बत्तानीने हजारेक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

आणि या हिशेबांसाठी त्याने कोणते हत्यार वापरले? इथे भारत येतो. आठव्या शतकात, खलिफा अल-मन्सूरच्या काळात, सिंधमधून आलेल्या मंडळींबरोबर एक संस्कृत ज्योतिषग्रंथ बगदादला पोहोचला. तो ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला होता. अल-फझारीने त्याला अरबी रूप दिले आणि ‘सिंदहिंद’ या नावाने तो गाजला. ‘सिंदहिंद’ म्हणजे आपला ‘सिद्धांत’ शब्दच. त्याबरोबर त्रिकोणमितीतली ‘ज्या’, म्हणजे ‘जीवा’ही गेली. अरबांनी ती ‘जीबा’ अशी घेतली. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्या वाचकांनी ती अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे कपड्याची चुण, खिसा. आपल्या बोलण्यातला ‘जेब’ तोच. लॅटिन भाषांतरकारांनी त्या शब्दाचा अर्थ बघून ‘सायनस’ असे भाषांतर केले, आणि आज दहावीची मुले कॅल्क्युलेटरवर ‘साइन’चे बटण दाबतात. चंद्राचा नकाशा रंगवणाऱ्या युरोपाच्या हातात जे गणित होते, ते या वाटेने आले. बगदादच्या एका लेखणीतून झालेला हा ‘खिसा’ मला सगळ्या इतिहासात फार आवडतो.

चंद्राची वाट मोजायची पद्धतही दोघांची सख्खी आहे. आपली २७ नक्षत्रे, कधी अभिजित धरून २८. अरबांची चंद्राची २८ ‘मनाझिल’, म्हणजे मुक्काम. पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद हा दर्यावर्दी जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा. नौकानयनावरच्या त्याच्या ग्रंथात या मनाझिलांची चर्चा आहे. त्याच्यासारखे नाखवे मोसमी वारे धरून पश्चिम किनाऱ्यावर यायचे, तेव्हा त्यांच्या आणि आपल्या कोळ्यांच्या डोक्यावर तेच मुक्काम असायचे. आपल्यातल्या संकष्टी करणाऱ्यांना तर हे रोजच्या व्यवहारातले आहे. मुंबईच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ इथे चालत नाही, दुबईची वेगळी काढावी लागते. आणि रमझानची सुरुवात ठरवायलाही इथे हिलाल दिसावा लागतो.

इथपर्यंत डोळ्यांनी आणि गणिताने पाहिलेला चंद्र झाला. १९६९ नंतर तो हातात आला, आणि इथे गोष्ट मुंबईत कुलाब्याला येते.

अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड-माती पृथ्वीवर आणली. तिचे नमुने जगातल्या निवडक प्रयोगशाळांना दिले गेले. त्यांत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. होमी भाभांनी उभी केलेली ही संस्था. तिथे देवेंद्र लाल यांचा गट वैश्विक किरणांवर काम करत होता. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे हे किरण थेट दगडावर आदळतात आणि स्फटिकांत सूक्ष्म ओरखडे सोडून जातात. दगडाची चकती घासायची, रसायनात बुडवून ते ओरखडे मोठे करायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. किती ओरखडे, त्यावरून तो दगड चंद्राच्या उघड्या पृष्ठभागावर किती काळ पडून होता ते कळते. आणि लाखो वर्षांत सूर्य आणि आकाशगंगा यांतून काय काय बरसले, तेही. त्या शोधनिबंधांवर भांडारी, लाल, राजगोपालन, वेंकटवरदन या नावांबरोबर ताम्हणे हेही एक आडनाव आहे.

वेंकटवरदन हे नाव मुंबईकरांनी परत एकदा वाचा. वरळीच्या नेहरू तारांगणाचे ते संचालक झाले. शाळेच्या सहलीत तारांगणाच्या गोल छताखाली, मागे रेलून बसणाऱ्या खुर्चीत तुम्ही पहिल्यांदा ‘आकाश’ पाहिले असेल, तर ते दाखवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने स्वतः चंद्राचे दगड तपासलेले होते. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितले नाही. सांगायला हवे होते.

त्याच वर्षांत अरबांचाही एक माणूस चंद्राच्या अगदी जवळ होता. फारूक अल-बाझ हे इजिप्तचे भूवैज्ञानिक. अपोलोची याने कुठे उतरवायची हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि वरून पाहताना काय काय ओळखायचे हे अंतराळवीरांना शिकवण्याचे कामही त्यांचे. अपोलो १५ च्या आल्फ्रेड वर्डेनने चंद्राभोवती फिरताना पृथ्वीवासीयांना अरबीतून सलाम केला, तो त्यांनीच शिकवलेला. १९७६ मध्ये अबू धाबीत शेख झायेद नासाच्या मंडळींना भेटले, तेव्हा अल-बाझ त्यांत होते. अमिरातीचे संघराज्य तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. त्या भेटीचे छायाचित्र इथल्या अंतराळ कार्यक्रमाच्या प्रत्येक पुस्तिकेत असते, आणि ते तिथे असण्याला कारण आहे.

त्या दगडांनी काय सांगितले? सर्वांत मोठी गोष्ट चंद्राच्या जन्माची. साधारण साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, पृथ्वी नुकती आकार घेत असताना, मंगळाएवढा एक गोळा तिच्यावर तिरका आदळला, आणि उडालेल्या वितळलेल्या राड्यातून चंद्र जमला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. चंद्राच्या दगडांतला ऑक्सिजन पृथ्वीच्या ऑक्सिजनशी तंतोतंत जुळतो, हा त्याचा एक मोठा पुरावा. तो जन्मला तेव्हा बराच भाग वितळलेला होता, वितळलेल्या खडकाचा समुद्रच म्हणा. त्यात हलकी, पांढुरकी खनिजे सायीसारखी वर तरंगली आणि थिजली. चंद्राचा उजळ भाग तो. नंतर मोठमोठ्या आघातांनी पडलेल्या खोलगट जागांत आतून लाव्हा वर आला आणि काळा बेसाल्ट पसरला. तुम्हाला जो ससा किंवा हरीण दिसते, ते या काळ्या बेसाल्टचे.

हा काळा दगड आपल्याला परका नाही. सह्याद्री त्याचाच आहे, रायगडाच्या पायऱ्या त्याच्याच, आणि गावच्या पाट्या-वरवंट्याचाही दगड तोच. चंद्राचा बेसाल्ट बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुना, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा, एवढे अंतर सोडले तर जात एकच. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला शास्त्रज्ञ गेले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते सरोवर बेसाल्टमध्ये आघाताने पडलेले विवर आहे, आणि असे नीट टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हे सिद्ध करणारा निबंध छापला. तिथे सापडणाऱ्या, धक्क्याने काचेसारख्या झालेल्या खनिजांची तुलना थेट चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी करता येते. पुढच्या सुट्टीत औरंगाबादला उतरून वेरूळ-अजिंठ्याबरोबर लोणार करा. मुलांना चंद्रावरचा खड्डा आतून बघायला मिळेल, आणि लोणार गावात दैत्यसूदनाचे देऊळही.

कुलाब्यातला लाल यांचा गट १९७२ मध्ये अहमदाबादला गेला, भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेली. आज आपण ज्याला विक्रम लँडर म्हणतो ते नाव त्यांचेच. त्या गटातले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. २२ ऑक्टोबर २००८ ला, दिवाळीच्या तोंडावर, ते यान निघाले. त्यावर नासाचे एक उपकरण पाहुणे म्हणून होते. त्याच्या नोंदींतून सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले की चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू आहेत. कोरड्या ठणठणीत चंद्राची कल्पना त्या दिवशी मोडली. आज सगळे देश चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे डोळे लावून बसले आहेत, ते या पाण्यामुळे.

आणि २०२३ च्या प्रज्ञान रोव्हरवर मातीतली मूलद्रव्ये ओळखणारे जे उपकरण होते, तेही अहमदाबादच्या त्याच प्रयोगशाळेत बनले. प्रज्ञान दहा दिवसांत १०३ मीटर चालला आणि त्याने २३ ठिकाणी मोजमाप केले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा निबंध आला, पहिले नाव संतोष वडवळे. दक्षिणेकडच्या मातीतही त्या जुन्या तरंगलेल्या सायीचाच खडक सापडला. म्हणजे चंद्र एकेकाळी सगळाच वितळलेला होता या कल्पनेला, जिथे आधी कोणी गेले नव्हते त्या भागातून दुजोरा मिळाला. कुलाब्यात इतरांनी आणलेल्या दगडावर शिकायला सुरुवात झाली, आणि पन्नासेक वर्षांनी त्याच धाग्याने चंद्रावर जाऊन माती मोजली.

हे सगळे सांगितले ते मुलांच्या प्रश्नासाठी. १९७० मध्ये कुलाब्यातल्या माणसांना कोणी विचारले असते की यातले तुमचे काय, तर रॉकेट अमेरिकेचे, अंतराळवीर अमेरिकेचे, दगडही अमेरिकेचे. त्यांचे होते ते दगड वाचण्याचे कसब. माझ्या मते मुलांना उत्तर तिथून द्यावे: झेंडा कुणाचा हे एक, आणि तुझ्या माणसांनी त्यात काय काम केले हे दुसरे. दुसऱ्या हिशेबाने बगदादला गेलेली ‘ज्या’ आपली आहे, कुलाब्यातले ओरखडे आपले आहेत, आणि ॲटलसच्या तळाशी पडलेली दहा किलोची बग्गीही, ज्या शहराच्या करदात्या आणि कामकरी घरांत आपणही आहोत, त्या शहराची आहे. हे म्हणताना मी जपून म्हणतो. रशीद अमिराती अभियंत्यांनी केला, आणि ते श्रेय त्यांचेच. पण इथे शिकणाऱ्या मुलीला त्या केंद्राच्या प्रदर्शनात उभे राहून काय वाटते, त्यावर पासपोर्टचा शिक्का बसत नाही.

दोन्ही देशांच्या याने-उपग्रहांची वाटही वेगळी राहिलेली नाही. १५ फेब्रुवारी २०१७ ला श्रीहरिकोट्याहून एकाच रॉकेटने १०४ उपग्रह सोडण्याचा विक्रम झाला, तो तुम्हाला आठवत असेल. त्या गर्दीत अमिरातीचा ‘नायिफ-१’ होता, शारजाच्या अमेरिकन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मोहम्मद बिन राशिद केंद्राबरोबर केलेला.

‘रशीद २’ चंद्राच्या मागच्या बाजूला जायचा आहे, या वेळी ‘फायरफ्लाय’ या अमेरिकी कंपनीच्या लँडरवर. ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. तिथे एका विवराचे नाव भाभा आहे, आणि ‘अल-बिरूनी’ही त्याच बाजूला आहे, ज्याने भारतात राहून, संस्कृत शिकून आपल्या ज्योतिषशास्त्रावर ग्रंथ लिहिला.

आपल्याला दिसते ती बाजू मात्र आहेच. लक्ष्मीपूजनाला अमावास्या, चंद्र नसतो. पाडव्यानंतर कोर दिसू लागेल. पांडवपंचमीच्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तासाभराने, साधी दुर्बीण किंवा पक्षी पाहायची बायनॉक्युलर घेऊन गच्चीवर जा. पश्चिमेकडे तोंड केले की उजवा हात उत्तरेला. कोरीच्या उत्तरेकडच्या टोकापासून थोडे आत, जवळजवळ चिकटलेली दोन विवरे दिसतील, एक मोठे आणि एक किंचित लहान. लहान ते हर्क्युलिस. मोठे ते ॲटलस.